बाहुलीचा कर्ता : पिंगुळीच्या ठाकर बाहुलीकारांची निर्मितिपरंपरा – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासात बाहुलीचे उल्लेख प्राचीन काळापासून आढळतात. बाहुली घडविणाऱ्याचे उल्लेख मात्र विरळ आहेत. ज्ञानेश्वरीत सूत्रावर चालणाऱ्या बाहुलीचा दृष्टान्त येतो. जुन्या मराठीत अशा बाहुलीला 'साईखडे' म्हणत. दृष्टान्त ऐकणाऱ्यास परिचित असल्याखेरीज तो उपयोगी पडत नाही. तेव्हा तेराव्या शतकाच्या अखेरीस मराठी श्रोत्यांना कळसूत्री बाहुलीचा खेळ ठाऊक होता, असे अनुमान सहज काढता येते. परंतु ती बाहुली कोणी कोरली, कोणत्या लाकडातून कोरली, तिच्यावर त्याचे पोट कसे चालत होते, या प्रश्नांची उत्तरे ग्रंथांतून मिळत नाहीत. तत्त्वज्ञाला सूत्र हवे होते आणि ते हलविणारा ईश्वर हवा होता. सुतारकाम करणाऱ्या हाताची त्याच्या मांडणीत आवश्यकता नव्हती.

प्रस्तुत लेखात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळ तालुक्यातील पिंगुळी या गावच्या ठाकर कलावंतांच्या बाहुली-परंपरेचा या दृष्टीने विचार केला आहे. या परंपरेत बाहुली घडविणारा, ती नाचविणारा आणि तिच्या तोंडून कथा सांगणारा बहुधा एकच असतो. त्यामुळे हस्तनिर्मित बाहुलीमागील सर्जनशील जीवन कसे असते, ते कशावर टिकते आणि कशामुळे क्षीण होते, हे तपासण्यासाठी पिंगुळीचे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते. तुलनेसाठी सांगली, सावंतवाडी, झाबुआ आणि नर्मदाकाठचे मणिबेली यांचा संदर्भ घेतला आहे.

बाहुली : खेळणे, प्रतिमा आणि पात्र

मराठी घरात बाहुलीची तीन रूपे ओळखीची आहेत. पहिले रूप खेळण्याचे. लाकडाची रंगविलेली ठकी, चिंध्यांची बाहुली, भातुकलीतील बाहुला-बाहुलीचे लग्न ही त्याची उदाहरणे होत. दुसरे रूप प्रतिमेचे. नवस, व्रत किंवा पूजा यांच्या निमित्ताने माती, पीठ अथवा लाकूड यांपासून केलेल्या आकृती या वर्गात येतात. तिसरे रूप पात्राचे, म्हणजे कथेत वावरणाऱ्या बाहुलीचे.

या तीन रूपांत कर्त्याचे स्थान वेगवेगळे आहे. चिंध्यांची बाहुली आजी किंवा आई करते आणि ती मूल मोठे होताच नाहीशी होते. तिची नोंद कोणी ठेवत नाही. स्त्रियांच्या कलानिर्मितीचा एक मोठा भाग अशा प्रकारे इतिहासाच्या कक्षेबाहेर राहिला आहे. नवसाची आकृती अर्पण केल्यावर देवाची होते, तेथेही कर्ता मागे पडतो. पात्ररूप बाहुलीत मात्र कर्ता पूर्णपणे लपू शकत नाही, कारण तो प्रयोगाच्या वेळी प्रत्यक्ष उपस्थित असतो. पिंगुळीच्या परंपरेचे महत्त्व येथे आहे.

संस्कृत नाटकातील 'सूत्रधार' या संज्ञेचा संबंध बाहुलीच्या दोऱ्यांशी जोडण्याचा प्रयत्न शंकर पांडुरंग पंडित यांनी केला होता. जर्मन संस्कृतज्ञ रिशार्ड पिशेल यांनी १९०० मध्ये बाहुलीनाट्याचे मूळ स्थान भारत असल्याचे मत मांडले. हे मत सर्वमान्य झाले नाही. तथापि त्या चर्चेमुळे बाहुलीकडे नाट्येतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी निर्माण झाली.

पिंगुळीचे ठाकर कलावंत

पिंगुळी हे कुडाळजवळचे गाव. तेथील गुढीपूर या भागात ठाकर समाजाची वस्ती आहे. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ या तीन कला एकाच समाजात, अनेकदा एकाच घरात, एकत्र नांदत आल्या आहेत. गंगावणे आणि मसगे ही घराणी या संदर्भात विशेष परिचित आहेत.

चित्रकथीमध्ये कथेतील प्रसंगांची चित्रे एकामागून एक दाखवीत निवेदन केले जाते. एका आख्यानाच्या चित्रांच्या संचास 'पोथी' म्हणतात. बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात चित्रांच्या आधारे कथा सांगणाऱ्याचा उल्लेख आहे, त्यावरून या प्रकाराची प्राचीनता लक्षात येते. पैठण परिसरात मिळालेली या प्रकारची चित्रे 'पैठणी चित्रे' म्हणून ओळखली गेली आणि पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात त्यांचा संग्रह झाला. पैठणकडील परंपरा संग्रहालयात गेली. पिंगुळीत मात्र ती माणसांच्या हाती राहिली.

सावंतवाडीच्या भोसले संस्थानिकांनी या कलांना आश्रय दिला. ठाकर कलावंतांनी ठरावीक गावांच्या देवळांत ठरावीक दिवसांत जागर करावा आणि त्याबद्दल त्यांना गावाकडून धान्य, मान व बिदागी मिळावी, अशी व्यवस्था रूढ होती. या व्यवस्थेकडे केवळ राजाश्रय म्हणून पाहणे अपुरे ठरेल. कोणत्या देवळात कोणी जायचे हे निश्चित असल्याने कलावंताला प्रेक्षक शोधावा लागत नव्हता आणि गावाला कलावंत शोधावा लागत नव्हता. बाहुली दुरुस्त करणे, नवी कोरणे, मुलाला कथा पाठ करविणे या सर्व गोष्टींना वर्षाच्या चक्रात निश्चित जागा होती.

निर्मितीची प्रक्रिया

कळसूत्री बाहुलीसाठी हलके लाकूड लागते. बाहुली जड झाली तर दोरीचा ताण हाताला जाणवतो आणि हालचालीतील लय बिघडते; फार हलकी झाली तर ती झोके खाते. डोके, धड आणि हात यांचे वजन परस्परांशी जुळवणे हे कोरण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे. हे ज्ञान मापांच्या स्वरूपात लिहून ठेवलेले नसते. बाहुली टांगून, हलवून, पुन्हा तासून ते साधले जाते. ज्याने ती नाचवायची आहे त्यानेच ती घडविली असल्यास ही जुळवणी अधिक नेमकी होते, हे उघड आहे.

चेहऱ्याची घडण अशीच हेतूपूर्वक असते. देवळातील मंद प्रकाशात, दूर बसलेल्या श्रोत्याला पात्र ओळखू यावे लागते. म्हणून डोळे मोठे, रेषा ठळक आणि रंग थोडे पण स्पष्ट ठेवले जातात. राम, रावण, हनुमान ही पात्रे परंपरेने ठरलेल्या खुणांनी ओळखली जातात. कर्त्याचे स्वातंत्र्य या खुणांच्या आत असते. भुवईचा बाक किंवा वस्त्राच्या कापडाची निवड यांतून एकाच्या हातचा रावण दुसऱ्याच्या रावणापासून वेगळा होतो. शास्त्रीय संगीतात बंदिश ठरलेली असूनही गायक वेगळा ओळखू येतो, तसाच हा प्रकार आहे.

चामड्याच्या बाहुलीचे तंत्र निराळे आहे. चामडे स्वच्छ करून, खरवडून इतके पातळ करावे लागते की त्यातून दिव्याचा उजेड झिरपला पाहिजे. त्यावर आकृती रेखून ती कापतात, दागिने व वस्त्रांचे तपशील छिद्रांनी दाखवितात आणि रंग देतात. आंध्रातील 'तोलू बोम्मलाटा'च्या भव्य बाहुल्यांच्या तुलनेत महाराष्ट्रातील या बाहुल्या आकाराने लहान आहेत. त्यांची रेषा चित्रकथीच्या रेषेशी नाते सांगते. चित्र काढणारा हात आणि चामडे कापणारा हात एकाच घरातील असल्याने हे साहजिक आहे.

या निर्मितीचे अखेरचे टोकही लक्षात घेण्याजोगे आहे. जीर्ण झालेली चित्रे फेकून न देता त्यांचे पाण्यात विसर्जन करण्याची प्रथा होती. जे विसर्जित होते त्याची नक्कल आधी करून घ्यावी लागते. म्हणजे वस्तू जुनी होऊन जपली जाण्याऐवजी कौशल्य पुढच्या पिढीत उतरत असे. आधुनिक संग्रहालयाची जतनाची कल्पना आणि परंपरेची जतनाची कल्पना यांतील हा मूलभूत फरक आहे.

संस्थानाचा अस्त आणि आश्रयाचा प्रश्न

१९४८ मध्ये सावंतवाडी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. विलीनीकरण राजकीयदृष्ट्या आवश्यक व स्वागतार्ह होते. परंतु संस्थानच्या आधाराने चाललेल्या अनेक लहान व्यवस्था त्यामुळे निराधार झाल्या. देवळांतील जागर एकदम थांबले नाहीत. मात्र त्यामागील आर्थिक बंधन सैल झाले. याच काळात चित्रपट आणि पुढे दूरचित्रवाणी यांनी रात्रभर चालणाऱ्या आख्यानाचा प्रेक्षक आपल्याकडे ओढला. तरुणांना मुंबईतील नोकरी अधिक भरवशाची वाटली, यात आश्चर्य नाही.

स्वतंत्र भारतातील शासनाने हस्तकलांसाठी नवी चौकट उभी केली. १९५२ मध्ये अखिल भारतीय हस्तकला मंडळाची स्थापना झाली आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या नेतृत्वाखाली कारागिरांच्या वस्तूंना शहरी बाजारपेठ मिळवून देण्याचे प्रयत्न झाले. १९६५ पासून कुशल कारागिरांना राष्ट्रीय पुरस्कार देण्यास प्रारंभ झाला. त्याच वर्षी व्यंगचित्रकार शंकर यांच्या पुढाकाराने दिल्लीत आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालय उघडले. या चौकटीत विकता येणाऱ्या वस्तूला स्थान होते. सादर करावयाच्या बाहुलीचे स्थान अनिश्चित राहिले. पिंगुळीची बाहुली हस्तकला मानावी की नाट्यकला, हा प्रश्न प्रशासकीय वाटला तरी कलावंताला कोणत्या खात्याचे दार ठोठवावे लागते हे त्यावर अवलंबून असते.

याच्या जोडीला ओळखीचा प्रश्न आहे. अनुसूचित जमातींच्या यादीतील ठाकूर-ठाकर ही नोंद १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने क्षेत्रबंधनातून मुक्त झाली. पुढे जमात दाव्यांच्या पडताळणीत चालीरीती, देवदेवता, कला यांवर आधारित 'आप्तभाव' चाचणीला मोठे महत्त्व प्राप्त झाले. महाराष्ट्रातील ठाकूर जमातीसंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये ही चाचणी एकमेव निर्णायक कसोटी ठरू शकत नाही, असे स्पष्ट केले. कलेच्या अभ्यासकाने या घडामोडींची दखल घेणे आवश्यक आहे. परंपरा ही समाजाची जिवंत कृती असते. ती परीक्षेतील उत्तराप्रमाणे तपासली जाऊ लागली की कलेवर बदलाचा हक्क सोडण्याचे दडपण येते.

तुलना : सांगली व सावंतवाडी

मराठी रंगभूमीचे जनक मानले जाणारे विष्णुदास भावे हे स्वतः कुशल हस्तकलाकार होते, ही बाब नाट्येतिहासात पुरेशी अधोरेखित झालेली नाही. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने त्यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' सादर केले. त्यांनी लाकडी कळसूत्री बाहुल्याही घडविल्या होत्या. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी बोलक्या बाहुल्यांचे कलावंत रामदास पाध्ये यांनी त्या बाहुल्यांना पुन्हा रंगमंचावर आणले. भावे यांचे नाव टिकले ते नाटककार म्हणून. बाहुलीकार ही त्यांची ओळख त्या नावाच्या सावलीत राहिली. येथेही लिखित शब्दाने घडविलेल्या वस्तूवर मात केलेली दिसते.

सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी व फळे करणाऱ्या चितारी कारागिरांची परंपरा आहे. त्याच संस्थानातील गंजिफा कला लोप पावण्याच्या मार्गावर असताना शिवरामराजे भोसले व राणी सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना एकत्र आणून तिचे पुनरुज्जीवन केले. राजाश्रय संपल्यावरही राजघराण्याने वैयक्तिक पुढाकाराने हे कार्य केले, हे उल्लेखनीय होय. चितारआळीची वस्तू दुकानात ठेवता येते, ग्राहक ती घरी नेऊ शकतो. पिंगुळीची बाहुली घरी नेली तर कथा मागे राहते. दोन शेजारच्या परंपरांच्या भवितव्यातील अंतर बरेचसे यातून निर्माण झाले आहे.

तुलना : नर्मदाकाठ

मध्य प्रदेशातील झाबुआ येथे भिल्ल स्त्री-पुरुषांच्या पोशाखातील, दागिने व धनुष्यबाण यांसह केलेल्या कापडी बाहुल्या प्रसिद्ध आहेत. २०२३ मध्ये तेथील रमेश परमार व शांती परमार या दांपत्याला पद्मश्री प्रदान करण्यात आली. पती-पत्नी दोघांचीही नावे सन्मानात एकत्र आली, ही बाहुलीकलेच्या इतिहासात महत्त्वाची घटना आहे, कारण चिंध्यांच्या बाहुलीची कर्ती आजवर निनावीच राहत आली होती.

भिल्ल समाज नर्मदेच्या दोन्ही तीरांवर आहे. दक्षिण तीरावर नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली हे सरदार सरोवराच्या बुडिताचा आघात सोसणारे महाराष्ट्रातील पहिले गाव. १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथील घरे व शेते पाण्याखाली जाऊ लागली. तेथील शूलपाणेश्वराचे प्राचीन मंदिरही बुडाले. १९९४ मध्ये मोठ्या धरणांना जागतिक बँकेने अर्थसाहाय्य देण्याविरुद्ध जगभरातील संघटनांनी जे निवेदन काढले, त्याला 'मणिबेली जाहीरनामा' हे नाव मिळाले.

या घटनेचा बाहुलीशी संबंध कोणता, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. हातांनी घडविलेली प्रतिमा ज्या माती-लाकडातून होते, ज्या देवस्थानाकडे नेली जाते आणि ज्या वाटेने नेली जाते, त्या सर्वांचा मिळून तिचा परिसर बनतो. विस्थापनाच्या हिशेबात जमीन मोजली जाते, घर मोजले जाते, झाडेही मोजली जातात. परंतु हातातील कौशल्याचा परिसर मोजण्याची रीत नाही. मणिबेलीत परिसर पाण्याने गेला, पिंगुळीत तो व्यवस्था बदलल्याने विरत गेला. दोन घटनांतील दुःखाची तुलना होऊ शकत नाही, आणि ती करण्याचा येथे हेतूही नाही. मात्र कलेचा आधार कलावस्तूच्या बाहेर असतो, हे सत्य दोन्ही ठिकाणी सारखेच प्रत्ययास येते. झाबुआच्या बाहुल्या भिल्ल जीवनाचे रूप दूरवर पोहोचवितात. परंतु त्या रूपामागील जीवन ज्या गावांत आहे, ती गावे टिकविण्याची जबाबदारी बाहुलीवर टाकता येणार नाही.

गोठ्यातील संग्रहालय

पिंगुळीच्या परंपरेला आधुनिक काळात मिळालेला सर्वांत अर्थपूर्ण प्रतिसाद गावातूनच आला. परशुराम आत्माराम गंगावणे यांनी आपल्या घराण्यातील चित्रे, कळसूत्री व चामड्याच्या बाहुल्या जपल्या, प्रयोग चालू ठेवले आणि २००६ मध्ये आपल्या गुरांच्या गोठ्याचे रूपांतर करून 'ठाकर आदिवासी कला आंगण' हे संग्रहालय उभे केले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या पुढच्या पिढीनेही हे कार्य हाती घेतले आहे.

या संग्रहालयाचे वैशिष्ट्य असे की येथे वस्तू आणि कर्ता एकाच अंगणात भेटतात. पाहणाऱ्याला बाहुली काचेमागे दिसते आणि तशीच बाहुली हातात धरून कथा सांगणारा माणूसही भेटतो. केळकर संग्रहालयातील पैठणी चित्रांसमोर उभे राहिलेल्या प्रेक्षकाला ही सोय नाही. तथापि या व्यवस्थेच्याही मर्यादा आहेत. पर्यटकासमोरचा प्रयोग अल्पावधीचा असतो. रात्रभराच्या आख्यानातील उपकथा, पदे आणि पाठांतर यांना त्यात वाव नसतो. जे सादर होत नाही ते विसरले जाते, हा मौखिक परंपरेचा नियम आहे.

जपानचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. तेथे १९३६ मध्ये शासकीय कलाप्रदर्शनात बाहुल्यांना कलाकृती म्हणून प्रवेश मिळाला आणि १९५५ मध्ये हिराता गोयो व होरी र्‍यूजो या बाहुलीकारांना त्यांच्या कौशल्याचे धारक म्हणून राष्ट्रीय मान्यता देण्यात आली. त्या मान्यतेत वस्तूपेक्षा कौशल्य जाणणाऱ्या व्यक्तीला केंद्रस्थान आहे, आणि ते कौशल्य पुढे शिकविणे हा तिचा अपेक्षित भाग आहे. पिंगुळीच्या बाहुलीकाराला पद्मश्री मिळेपर्यंत त्यानंतर ६६ वर्षे गेली. शिवाय पद्मश्री हा सन्मान आहे. शिष्य घडविण्याची व्यवस्था त्यात अंतर्भूत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पिंगुळीच्या ठाकर परंपरेत बाहुलीची घडण आणि तिचे सादरीकरण या अविभाज्य क्रिया आहेत. त्यांपैकी एकच जपल्यास दुसरी लयास जाते. या परंपरेचा खरा आधार देवळांतील जागरांचे वार्षिक चक्र हा होता आणि १९४८ नंतर त्याची जागा घेणारी तितकी नियमित व्यवस्था उभी राहिली नाही. कलावंताच्या नावाला मान्यता मिळाली, ती मुख्यतः कलावंतांच्या स्वतःच्या चिकाटीमुळे आणि बऱ्याच विलंबाने.

महाविद्यालयांना या बाबतीत करता येण्याजोगे काम आहे. संग्रहालयांच्या नोंदवह्यांत बाहुलीची उंची व साहित्य यांबरोबर कर्त्याचे नाव, घराणे आणि ती बाहुली ज्या आख्यानात वापरली जाते त्याची नोंद झाली पाहिजे. मराठी, इतिहास आणि समाजशास्त्र विभागांनी एकत्र येऊन पूर्ण रात्रीची आख्याने, कलावंतांच्या संमतीने आणि त्यांच्या हक्कांचे भान ठेवून, ध्वनिचित्रमुद्रित केली पाहिजेत. नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत, पुनर्वसन वसाहतींतील वृद्ध स्त्री-पुरुषांच्या हातांत अद्याप कोणती कौशल्ये शिल्लक आहेत, याचा शोध घेणे अधिक तातडीचे आहे, कारण तेथे मूळ परिसर पुन्हा पाहता येणार नाही.

ज्ञानेश्वरीतील दृष्टान्तात सूत्र हलविणाऱ्याला महत्त्व आहे, आणि अध्यात्माच्या क्षेत्रात ते योग्यच होय. इतिहासलेखनाने मात्र त्या सूत्राच्या खालच्या टोकाकडेही पाहावे. तेथे लाकूड आहे, ते तासणारा माणूस आहे आणि त्याच्या घरची चूल आहे. बाहुलीचा इतिहास या तिन्हींचा मिळून लिहिला जाईल, तेव्हाच तो पूर्ण होईल.